थंडीत छपरावरच्या सोलरची काळजी



थंडीची लाट आली की निफाडकडचा द्राक्ष बागायतदार रात्र जागून काढतो. बागेत शेकोट्या पेटवतो, पहाटे पाणी सोडतो. पण त्याच्याच घराच्या गच्चीवर पाणी तापवायचा सोलर मात्र उघडाच असतो. आज त्याच्याविषयी बोलू.

‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?’ असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी आणि सातपुड्यात डाबच्या परिसरात कडक थंडीत दव गोठते. हवामानाचा पारा मोजतात तो जमिनीपासून चार फुटांवर, आडोशाच्या पेटीत. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की उघड्यावरची वस्तू आपली ऊब आभाळाकडे टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. त्यामुळे पारा ३-४ अंशांवर असतानाही दव गोठू शकते. सोलरचे पॅनेल तर आभाळाकडे तोंड करूनच बसलेले असते! थंड हवा जड असते, ती सखल भागात साचते. म्हणून नदी-ओढ्याकाठच्या वस्तीने जास्त जपावे.

टाकी सहसा गोठत नाही. तिच्यात पाणी पुष्कळ असते आणि भोवती ऊब धरणारे आवरण असते. गोठतात त्या सपाट पॅनेलमधल्या तांब्याच्या बारीक नळ्या आणि उघडे पाइप. ११ लिटर पाण्याचा बर्फ झाला, की त्याला सुमारे १२ लिटरची जागा लागते. ती मिळाली नाही की नळी फाटते. दुहेरी काचेच्या नळ्यांचा सोलर थंडी बराच सोसतो, पण त्याचेही जोडपाइप उघडेच असतात.

तेव्हा एवढे करा. संध्याकाळी पॅनेलवर गोणपाट किंवा जुनी वाकळ घालून दोरीने बांधा. वरून प्लॅस्टिकचा कागद टाका, म्हणजे पांघरूण दवाने भिजणार नाही. सकाळी ऊन आले की काढा. बाहेरच्या पाइपांनाही असेच गोणपाट गुंडाळा. हवेच्या नळीचे तोंड मात्र कधीही बंद करू नका.

थंडीच्या लाटेत घर बंद ठेवून गावाला जायचे असेल, तर सोलर रिकामा करून जा. आधी टाकीतल्या विजेच्या हीटरचे बटन बंद करा. कोरडा हीटर जळतो. मग येणारे पाणी बंद करून तळाचा कॉक उघडा. पाणी कढत असू शकते, मुलांना दूर ठेवा. रिकाम्या सोलरवर पांघरूण राहू द्या आणि परत आल्यावर पाणी भरूनच ते काढा. उन्हात तापलेल्या कोरड्या काचेच्या नळ्यांत गार पाणी गेले, तर त्या तडकतात.

एखाद्या सकाळी पाइप गोठलाच, तर त्याला पेटते चिपाड लावू नका, उकळते पाणीही ओतू नका. नळ उघडा ठेवा आणि उन्हाची वाट पाहा. बर्फ वितळल्यावर सगळे सांधे नीट तपासा. नळी फाटली असली तरी आतला बर्फच बूच होऊन बसतो. गळती दिसते ती ऊन चढल्यावर.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आणि लेकराबाळांच्या अंघोळीचे पाणी या सोलरवर आहे. तो फुटला की घरच्या बाईला पहाटे पुन्हा चुलीपुढे धूर खात बसावे लागेल. दोन गोणपाटांत हे टळते. लाट येण्याआधीच ती काढून ठेवा.