तीन वस्तूंची माशी

दहावीच्या कॅडेट्सचा हॉबीचा तास बंद करून त्या वेळात जादा अभ्यास घ्यावा, अशी सूचना यंदा पालकसभेत आली. निर्णय अजून व्हायचा आहे. त्याआधी आमच्या टेबलावर काय चालतं ते सांगावं, म्हणून हा लेख. आम्ही चौघे कॅडेट त्या तासाला मासे पकडायच्या नकली माश्या बांधतो. ‘माश्या बांधून एनडीएत जाणार का?’ असं आम्हाला विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर देतो.

आमच्या कोकणात गळाला गरी म्हणतात आणि तिला गांडूळ किंवा कोळंबी लावून मासे गरवतात. जपानच्या डोंगरी ओढ्यांवर खरं आमिष न लावता गळावरच दोरा आणि पीस गुंडाळून किडा तयार करतात. त्या किड्याला केबारी म्हणतात आणि या मासेमारीला तेनकारा. लांब लवचीक काठी, तिच्या टोकाला बांधलेली दोरी आणि दोरीला केबारी, एवढंच सामान. रीळ नाही. इंग्लंडच्या उत्तर भागात आणि स्कॉटलंडमध्येही अशीच माशी पूर्वीपासून बांधतात. तिचं नाव स्पायडर. ती कोळ्याची नक्कल नव्हे. पिसाचे तंतू कोळ्याच्या पायांसारखे पसरतात, म्हणून ते नाव.

दोन्हींना लागतात मुख्यतः तीन वस्तू: गळ, रेशमी दोरा आणि एक मऊ पीस. स्पायडरसाठी बहुधा तित्तिराचं पीस घेतात, जपानात फेझंटचं. आम्ही कोंबडीचं वापरतो. पिसाचे दोन-तीन वेढे गळाच्या डोळ्याजवळ घ्यायचे, बाकी अंगावर फक्त दोरा. स्पायडरचे तंतू मागे झुकतात. साकासा केबारी या जपानी प्रकारात ते पुढे, डोळ्याच्या दिशेने झुकतात. साकासा म्हणजे उलटा. दोरीला हलका ताण दिला की पाण्याच्या रेट्याने हे तंतू मागे दबतात, ताण सोडला की पुन्हा उघडतात. माशाला किडा जिवंत वाटतो. पिसाचे वेढे वाढवले, तर पिसारा दाट होतो आणि तंतू नीट हलत नाहीत. माशी दिसायला छान होते, पण मेलेली.

इतकी साधी माशी का चालते? डोंगरातल्या वेगवान पाण्यात माशाला विचार करायला क्षणभरच मिळतो. पंख किती, रंग कोणता हे तपासेपर्यंत घास वाहून जातो. त्यामुळे स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्टुअर्ट यांनी 1857 साली ‘द प्रॅक्टिकल अँगलर’ या पुस्तकात काळा, लाल आणि करडा अशा तीनच स्पायडरांवर भर दिला. जपानमधले अनेक तेनकारा मासेमार तर एकाच नमुन्याची केबारी वापरतात. मासा आला नाही, तर ते माशी बदलत नाहीत. ती कुठे टाकायची, किती खोल न्यायची, कधी थांबवायची, हे बदलतात.

काही जण याला वैराग्य म्हणतात. मला ते पटत नाही. डोंगरातले जुने मासेमार पोटासाठी मासे धरत आणि सरायांना विकत. माशी बदलण्यात गेलेला वेळ म्हणजे हातचा गेलेला मासा. त्यांचा साधेपणा हा चोख हिशोब होता. तो सगळीकडे चालतो असंही नाही. दक्षिण इंग्लंडच्या संथ, नितळ नद्यांत मासा घास नीट निरखतो. तिथे हुबेहूब नक्कल लागते, आणि एफ. एम. हॅलफर्ड यांनी 1886 साली तशा तरंगत्या माश्या बांधण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे आधी पाणी ओळखायचं, मग काय गाळायचं ते ठरवायचं.

माझा मुद्दा इथेच आहे. आमचा बाकीचा दिवस भर घालायला शिकवतो. किट लिस्ट वाढते, गाईडं वाढतात, उत्तराला पुरवण्या लागतात. ते चूक नाही, परीक्षेला ते लागतंच. पण काय सोडून द्यावं, हे आम्हाला आठवड्यात एकाच टेबलावर शिकायला मिळतं. एसएसबीच्या मैदानावर गटाला फळी, बल्ली आणि दोर एवढंच देतात. तिथे ‘आणखी सामान द्या’ म्हणता येत नाही. शिवाय माशीला ग्रेस मार्क नाहीत. दोऱ्याचा ताण सैल पडला, की ती हातातच उलगडते आणि निकाल तिथल्या तिथे कळतो.

दहावीचा अभ्यास बुडू नये, हे मलाही मान्य आहे. बोर्डाच्या आधी तास पंधरवड्यातून एकदा ठेवा, शेवटचे दोन महिने थांबवा. पण बंद करू नका. आणि निर्णय घेण्याआधी पालकांनी एकदा आमच्या टेबलाशी बसून एक केबारी बांधून पाहावी. गळ, दोरा, पीस आम्ही देऊ. तिसऱ्या वेढ्यानंतर हात थांबवणं किती कठीण असतं, ते तिथे लगेच समजेल.