पाळी गेल्यानंतरची संक्रांत

भोगीची मिसळीची भाजी झाली की रथसप्तमीपर्यंत आपली घरे बायकांच्या येण्याजाण्याने गजबजून जातात. सुगडात हरभरा, बोरे, गाजर, उसाचे करवे भरायचे, हळदीकुंकू लावायचे, वाण लुटायचे, तिळगूळ हातावर ठेवायचा. हा क्रम आपल्याला कुणी सांगावा लागत नाही. सूर्य उत्तरायणाला लागतो आणि त्याच्याबरोबर आपणही कूस बदलतो, ही आपली जुनी श्रद्धा. याच सणाच्या गडबडीत आणखी एक तारीख येते आणि बहुधा तशीच निघून जाते. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म 14 जानेवारी 1882 चा.

1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडणारे आणि 1927 पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवणारे र. धों. एक गोष्ट न थकता मांडत राहिले: कामसुखावर स्त्रीचा पुरुषाइतकाच हक्क आहे. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यांनी मासिकातून सरळ उत्तरे दिली, म्हणून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, तरीही 200 रुपये दंड झालाच. निदान त्या काळी कुणी तरी विचारत होते आणि कुणी तरी उत्तर देत होते, असे आज म्हणावेसे वाटते.

कारण हळदीकुंकवाला जमलेल्या आपल्या बैठकीत पंचेचाळिशी ओलांडलेल्या किती तरी जणी असतात. गुडघे, साखर, थायरॉइड, सुनेची नोकरी, सगळे बोलून होते. पण नवऱ्याजवळ जाणे नकोसे झाले आहे, गेले तर आग होते, किंवा काही जाणवतच नाही, हे ओठांवर येत नाही. आलेच तर उत्तर ठरलेले: ‘आता वय झालं, देवाधर्माचं बघायचं.’ देवाधर्माचे अवश्य बघावे. पण कोरड्या, चिरा पडणाऱ्या त्वचेवर तो उपाय नव्हे.

पाळी जाताना शरीरातले इस्ट्रोजेन ओसरते. योनीचे अस्तर पातळ होते, रक्तपुरवठा कमी होतो, ओलावा आटतो आणि संवेदना बोथट होते. लघवीची जळजळही पुष्कळदा त्याच घरची असते. बाळाला अंगावर पाजणाऱ्या तरुण आईलाही काही काळ हा कोरडेपणा भोगावा लागतो. आणि सुगडातला ऊस ज्यांनी तोडला, त्यांचे काय? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशये सर्रास काढली गेल्याचे 2019 साली उघड झाले, सरकारने चौकशी समिती नेमली. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले की ऐन तारुण्यात एका दिवसात पाळी जाते. त्या बाईच्या कंबरदुखीची थोडीफार नोंद होते. तिच्या सुखाची नोंद कोण करणार?

उपाय मात्र आहेत, आणि साधे आहेत. संबंधांच्या वेळी लावायचे पाण्याचे वंगण-जेल आणि आठवड्यातून काही वेळा वापरायचे ओलावा टिकवणारे जेल, दोन्ही डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळतात. त्याने भागले नाही तर अल्प मात्रेचे इस्ट्रोजेनचे क्रीम. पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा, असा त्याचा साधारण रिवाज. गुण यायला काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. रक्तात ते अगदी थोडे उतरते. तरी 2002 साली गोळ्यांच्या रूपातल्या हार्मोनवरच्या अमेरिकी अभ्यासाने उठलेली भीती या क्रीमच्या डबीलाही चिकटली ती चिकटलीच. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने रजोनिवृत्तीच्या हार्मोन औषधांवरचे ठळक इशारे बहुतांशी काढायचे जाहीर केले. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांनी मात्र आपल्या कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय हे क्रीम वापरू नये.

उत्तेजना आणि इच्छा यांची गोष्ट इतकी सोपी नाही. पुरुषांसाठीची निळी गोळी 1998 साली आली. तिच्यातलेच सिल्डेनाफिल क्रीमच्या रूपात बायकांवर आजमावले गेले. ते त्या जागी रक्तप्रवाह वाढवते, हे खरे. पण 2023 मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत ठरवलेल्या मुख्य कसोट्यांवर ते बिनऔषधी क्रीमपेक्षा सरस ठरले नाही. काही गटांत आशा दिसली, एवढेच. टेस्टोस्टेरॉनचे खास स्त्रियांच्या मात्रेतले क्रीम ऑस्ट्रेलियात 2020 साली मान्य झाले. ते पाळी गेल्यानंतर इच्छाच मावळली आणि त्याचा मनाला जाच होतो अशांसाठी, तेही देखरेखीखाली. पुरुषांचे जेल अंदाजाने चोळले तर चेहऱ्यावर केस येतात, आवाजही बदलू शकतो. शिवाय नैराश्यावरच्या कित्येक गोळ्या, मधुमेह, अपुरी झोप आणि अबोल संसार यांमुळे मावळलेल्या इच्छेवर कुठलेही मलम चालत नाही. दुखते म्हणून इच्छा गेली की इच्छा गेली म्हणून कोरडेपणा जाणवतो, हे आधी कुणी तरी शांतपणे विचारायला हवे.

बाजार मात्र विचारत बसत नाही. 2012 साली आपल्याकडे योनी ‘घट्ट’ करणाऱ्या जेलची झोकदार जाहिरात दूरचित्रवाणीवर आली, तेव्हा पन्नाशीतल्या बाईचा ओलावा कुणाच्याच हिशेबात नव्हता. लैंगिक सुखाची ताकद वाढवणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे, तरी भिंतीभिंतींवर ‘मर्दानगी’ रंगलेली दिसते आणि आता मोबाइलवर बायकांसाठीची तेले येतात. घटक न लिहिलेले, सुगंधी किंवा गुदगुल्या होतील असे सांगणारे काहीही त्या नाजूक जागी लावू नये. आधीच पातळ झालेली त्वचा त्याने भाजते.

तेव्हा यंदाच्या वाणात प्लॅस्टिकच्या डब्याबरोबर हे बोलणेही द्यावे. विधवा, एकट्या, परित्यक्ता साऱ्यांना पंगतीत घ्यावे, कारण शरीर कुंकू बघून कोरडे होत नाही. नवरेमंडळींनी ‘दुखतंय’ हा शब्द नकार म्हणून न घेता तक्रार म्हणून ऐकावा. स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाळी गेलेल्या प्रत्येकीला, तिने तोंड उघडायची वाट न बघता, संबंधांत त्रास होतो का हे स्वतःहून विचारावे. आणि ज्यांना त्रास आहे, त्यांनी रथसप्तमीच्या आत डॉक्टरची वेळ घ्यावी.