दिसणारे यंत्र आणि हाती लागणारे यंत्र

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत फिटरचे काम शिकणाऱ्या उमेदवाराला नट किती आवळावा हे चित्रावरून कळत नाही. ते मनगटालाच कळावे लागते. खऱ्या दृश्यावर संगणकाचे चित्र चढविणाऱ्या ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ या तंत्राची स्तुती करताना नेमके हेच विसरले जाते. वास्तविक या तंत्राचे नामकरणच कारखान्यात झाले. विमानाच्या तारा जुळविणाऱ्या कामगारांना नकाशा डोळ्यांपुढेच दिसावा, या खटपटीत १९९० च्या सुमारास बोइंग कंपनीतील टॉम कॉडेल यांनी हे नाव योजिले. ओझरला मिग आणि सुखोई जुळविलेल्या हातांना त्यामागची अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

दिसलेल्या वस्तूकडे हात न्यावा आणि मुठीत केवळ हवा यावी, हे या तंत्राचे जुने दुखणे होय. बोटांना अडवून स्पर्शाचा भास निर्माण करणारे यांत्रिक हातमोजे हा त्यावरील एक उपाय. तो बुद्धिमान खरा, पण खर्चिक आणि नाजूक. दुसरा मार्ग दाखविणाऱ्यांत मूळचे नाशिकचे रमेश रासकर होते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील सहकाऱ्यांसह त्यांनी २००१ मध्ये ‘शेडर लॅम्प्स’ ही पद्धत मांडली. ताजमहालाच्या साध्या पांढऱ्या प्रतिकृतीवर प्रोजेक्टरच्या प्रकाशाने रंग आणि पोत चढविण्यात आले. डोळ्यांवर चष्मा नाही, आणि वस्तू खरीच असल्याने स्पर्शही खराच! पुढील प्रयोगात हाती धरून फिरविता येणाऱ्या वस्तूवर प्रकाशाच्या कुंचल्याने रंगविण्याची सोय झाली. मध्ये हात आला की सावली पडते, आणि जेथे पृष्ठभाग नाही तेथे चित्रही नाही, या मर्यादा अर्थातच राहिल्या.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या तुटपुंज्या अनुदानाचा हिशेब मांडणाऱ्याने मात्र त्या मर्यादा पत्कराव्यात. मायक्रोसॉफ्टचा ‘होलोलेन्स २’ हा चष्मा २०१९ मध्ये साडेतीन हजार डॉलरला जाहीर झाला. २०२४ मध्ये त्याचे उत्पादनच थांबले. लेथ यंत्र शिकाऊंच्या पिढ्या पाहते. ज्या संस्थेत चष्म्यासाठी यंत्राचा पैसा वळविला जाईल, तेथील विद्यार्थी पाहून शिकेल आणि कामावर जाऊन अडेल. त्यापेक्षा जुने इंजिन बाकावर ठेवून त्यावर प्रकाश टाकणे शहाणपणाचे. प्रोजेक्टर अनेक ठिकाणी आहेच. तो बहुधा टिपणे दाखविण्यात झिजतो, एवढेच.

कोणता भाग केव्हा उजळावा, याची मराठी पाठमाला मात्र बाजारात मिळणार नाही. ती अनुभवी फिटरने आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मिळून रचावी लागेल, आणि त्या फिटरला त्यासाठी वेळ व मोबदलाही द्यावा लागेल.