टू-स्ट्रोकचे दोन मृत्यू

१/ जुन्या टू-स्ट्रोक रेसिंग मोटरसायकलींविषयी समाजमाध्यमांवर सध्या जो उमाळा दाटून येतो, त्यात तीन विधाने हमखास आढळतात. पहिले, वेग म्हणजे टू-स्ट्रोक आणि बाकी सगळी इंजिने म्हणजे शिलाई यंत्रे. दुसरे, सरकारने प्रदूषणाचे निमित्त करून या इंजिनाचा गळा घोटला. तिसरे, तो काळच शर्यतींचा होता. तिन्ही विधाने अर्धी खरी आहेत. आणि धादांत खोट्यापेक्षा अर्धे खरे इतिहासाला अधिक छळते. म्हणून हा थ्रेड.

२/ आधी यंत्र समजून घेतले पाहिजे. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला होतो. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या, म्हणजे पोर्ट, पिस्टनच स्वतः उघडतो आणि झाकतो. सुटे भाग कमी, वजन कमी, ताकद अधिक. पण या साधेपणाची एक किंमत आहे. जळालेला वायू बाहेर जात असतानाच ताजे मिश्रण आत येते आणि त्यातले काही न जळताच थेट बाहेर निसटते.

३/ हे निसटलेले मिश्रण परत आत ढकलण्याची युक्ती पूर्व जर्मनीत पूर्णत्वाला गेली. झ्शोपाऊ येथील एमझेड कारखान्यातल्या वॉल्टर काडेन या अभियंत्याने एक्झॉस्टच्या नळीला पोट दिले. मध्ये फुगलेली आणि शेवटी निमुळती होत जाणारी ती नळी म्हणजेच एक्सपान्शन चेंबर. त्यातून दाबाची लाट उलटी फिरते आणि बाहेर निघालेले मिश्रण पोर्ट बंद होण्याआधी सिलिंडरमध्ये परत रेटते. १९६१ पर्यंत काडेनने १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढून दाखवली. म्हणजे लिटरमागे २०० अश्वशक्ती. तीही साधनांची चणचण असलेल्या एका समाजवादी देशातल्या कारखान्यात.

४/ ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या ग्रां प्रीनंतर एमझेडचा आघाडीचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला. त्याच्या कुटुंबाला गाडीत लपवून सीमेपार आणले गेले. डेग्नर पुढे सुझुकीकडे गेला आणि काडेनची विद्याही त्याच्यासोबत गेली. १९६२ मध्ये ५० सीसी गटात सुझुकीला पहिले विश्वविजेतेपद मिळवून देणारा स्वार तोच. ज्या जपानी टू-स्ट्रोकच्या नावाने आज उसासे टाकले जातात, तिच्या वंशावळीत शीतयुद्धातली ही फितुरी आहे.

५/ वंशावळ आणखी मागे नेता येते. जर्मनीच्या डीकेडब्ल्यूची आरटी १२५ ही टू-स्ट्रोक मोटरसायकल दुसऱ्या महायुद्धानंतर जेत्यांच्या हाती लागली आणि देशोदेशी तिच्या प्रतिकृती निघाल्या. ब्रिटनची बीएसए बँटम तीच. १९५५ ची यामाहाची पहिली मोटरसायकल, वायए-१, हीदेखील तीच. तेव्हा 'अस्सल' आणि 'मूळची' हे शब्द या यंत्राबाबत जपून वापरावेत. हे यंत्र लुटीतून, उसनवारीतून आणि फितुरीतून वाढले. त्यात कमीपणा काही नाही. पण तो इतिहास आहे, आणि तो सांगितला पाहिजे.

६/ भारतात ही विद्या परदेशी सहयोगाच्या करारांतून आली. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० 'राजदूत' या नावाने आणली. १९८४ मध्ये होसूरहून इंड-सुझुकीची एएक्स १०० आली. १९८५ च्या अखेरीस आरएक्स १०० आली. त्याच वर्षी औरंगाबादजवळ वाळूज येथे बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. १९८६ मध्ये कावासाकी बजाज केबी १०० आणि बजाज एम-८० बाजारात आल्या. दोन्ही टू-स्ट्रोक.

७/ इथे पहिल्या विधानातला खरा भाग मान्य करावा लागतो. आरएक्स १०० चे इंजिन ९८ सीसीचे आणि ताकद ११ अश्वशक्ती. तिची समकालीन, फोर-स्ट्रोक हीरो होंडा सीडी १००, जवळपास तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून सात अश्वशक्तीच्या आसपास देत असे. आकार तोच, ताकद दीडपट. वेगाची ओढ असलेल्या तरुणाला आणखी काय सांगायला हवे होते? पण बाजारात दीर्घकाळ टिकली ती सीडी १००. कारण गिऱ्हाईक लिटरमागचे किलोमीटर मोजत होते.

८/ आरडी ३५० ची कहाणी याहून बोलकी आहे. जपानमध्ये ३९ अश्वशक्ती देणारे ते इंजिन भारतात सुमारे ३० वर आणले गेले. पुढे मायलेजसाठी 'लो टॉर्क' नावाची आणखी सौम्य आवृत्ती निघाली. एवढे करूनही ती महागडी आणि पेट्रोलपिपासू म्हणून ओळखली गेली आणि दशक संपता संपता बंद पडली. आज जिच्यासाठी तोंडाला येईल ती किंमत सांगितली जाते, तिला तिच्या काळात पुरेसे गिऱ्हाईक नव्हते. स्मरणरंजनाला ही गोष्ट अडचणीची वाटते, म्हणून ती सांगितली जात नाही.

९/ आता शर्यतींकडे. भारतातल्या मोटरसायकल शर्यतींचे तीर्थक्षेत्र होते मद्रासजवळचे शोलावरम. दुसऱ्या महायुद्धातली ती एक धावपट्टी. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे वर्षानुवर्षे शर्यती भरवल्या आणि १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टई येथे कायमस्वरूपी ट्रॅक उभा राहिला. पुढे कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे झाला. म्हणजे भारतीय टू-स्ट्रोक रेसिंगचा भूगोल मुख्यतः तमिळ आहे. महाराष्ट्रात रॅली झाल्या, मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यती झाल्या. मद्रासच्या तोडीचा डांबरी ट्रॅक मात्र झाला नाही.

१०/ याचा परिणाम काय झाला? ज्या प्रदेशात ट्रॅक नव्हता, तिथे ट्रॅकची आठवण रस्त्यावर उतरली. क्रांती चौकातून उस्मानपुऱ्याकडे येणारा रस्ता किंवा जालना रोड म्हणजे शोलावरम नव्हे. तिथे रिक्षा असतात, देवगिरी महाविद्यालयातून सुटलेली मुले असतात, रस्ता ओलांडणारी म्हातारी माणसे असतात. शर्यतीच्या ट्रॅकवर मार्शल असतो, रिकामे मोकळे मैदान असते, रुग्णवाहिका सज्ज असते. ट्रॅकचे स्मरणरंजन रस्त्यावर साजरे करणारा माणूस शर्यतीची परंपरा चालवत नसतो. ती परंपरा ज्या शिस्तीवर उभी होती, ती शिस्तच तो मोडत असतो.

११/ तिसरे विधान, 'तो काळच शर्यतींचा होता', मराठवाड्यापुरते तर साफ चुकीचे आहे. इथल्या बहुसंख्यांची टू-स्ट्रोक म्हणजे लूना, जी १९७२ पासून कायनेटिकने आणली. इथली टू-स्ट्रोक म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायला लावणारी चेतक. इथली टू-स्ट्रोक म्हणजे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून पहाटे शहरात शिरणारी एम-८० आणि राजदूत. शिक्षक, परिचारिका, दूधवाले, विमा एजंट यांनी हे यंत्र वापरले. पेट्रोलपंपावर तेल मिसळून घेणे हा त्यांचा रोजचा विधी होता. त्यांच्या गाडीवर कुणी रील करत नाही. वेग नसलेल्यांना इतिहासात जागा मिळू नये असा काही नियम आहे का?

१२/ आता दुसरे विधान: 'सरकारने मारले.' इथे टू-स्ट्रोकचे दोन वेगळे मृत्यू एकमेकांत मिसळले जातात. पहिला मृत्यू ट्रॅकवरचा. १९७५ मध्ये जाकोमो अगोस्तिनीने यामाहावर ५०० सीसी गटातले टू-स्ट्रोकचे पहिले विश्वविजेतेपद जिंकले. त्यानंतर पाव शतक या गटावर टू-स्ट्रोकचेच राज्य राहिले. २००२ मध्ये नियम बदलला. ५०० सीसीच्या टू-स्ट्रोकसमोर ९९० सीसीच्या फोर-स्ट्रोक उभ्या करण्यात आल्या. जवळजवळ दुप्पट आकाराचा प्रतिस्पर्धी देऊन लावलेली ती कुस्ती होती.

१३/ निकाल ठरलेलाच होता. एक-दोन हंगामांत मोठ्या गटातून टू-स्ट्रोक हद्दपार झाली. २०१० मध्ये २५० सीसी गटाच्या जागी मोटो-२ आला, २०१२ मध्ये १२५ सीसी गटाच्या जागी मोटो-३. जागतिक ग्रां प्रीतून टू-स्ट्रोक संपली. हा मृत्यू नियमाने घडवलेला होता. कंपन्या रस्त्यावर फोर-स्ट्रोक विकत होत्या आणि ट्रॅकवरही त्यांना त्याच हव्या होत्या. इथे टू-स्ट्रोकच्या चाहत्यांची तक्रार रास्त आहे. समान आकाराच्या लढतीत तिचा पराभव झालेला नव्हता.

१४/ दुसरा मृत्यू रस्त्यावरचा, आणि तो पूर्णपणे वेगळा. एक्सपान्शन चेंबरची उलटी लाट फक्त ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच नेमकी वेळ साधते. ट्रॅकवरचा स्वार गिअर बदलत इंजिनाला त्याच पट्ट्यात ठेवतो. शहरात मात्र गाडी सिग्नलला उभी राहते, रांगत चालते, पुन्हा थांबते. तेव्हा लाट चुकते आणि न जळालेले पेट्रोल, तेलासह, धूर होऊन बाहेर पडते. ज्या रचनेने ट्रॅकवर विजय दिले, तीच रचना चौकात निरुपयोगी ठरते. यात कुणाचे कारस्थान नाही. हे भौतिकशास्त्र आहे.

१५/ भारतात १९९१, १९९६ आणि २००० असे टप्प्याटप्प्याने उत्सर्जनाचे नियम आले आणि आवळत गेले. पण नियमांचा फास पुरता बसण्याआधीच बाजाराने दिशा बदलली होती. बजाजने १९९१ मध्येच ४एस चँपियन ही फोर-स्ट्रोक आणली. १९९८ मध्ये वाळूजमधून कॅलिबर बाहेर पडली, तीही फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोक बनवणाऱ्या याच औद्योगिक पट्ट्याने तिला निरोपही दिला. त्या निरोपामागे सरकारी नियम होता, तसेच महिन्याच्या पेट्रोलचा हिशेब करणारे लाखो संसारही होते.

१६/ तेव्हा युक्तिवादातली चलाखी ओळखली पाहिजे. ट्रॅकवरच्या मृत्यूतला अन्याय पुढे करायचा आणि त्या सहानुभूतीवर रस्त्यावरचा धूर माफ करून घ्यायचा, ही ती चलाखी. ग्रां प्रीत अन्याय झाला म्हणून उस्मानपुऱ्यातल्या दमेकऱ्याने धूर गिळावा, हा न्याय कुठला?

१७/ याचा कळस म्हणजे सायलेन्सरची पुंगळी काढणे. आवाज घुमावा म्हणून आतला भाग काढून टाकणाऱ्याला वाटते, गाडी 'रेसिंग' झाली. प्रत्यक्षात एक्झॉस्टच्या शेवटचा अरुंद भाग योग्य दाब राखण्यासाठी असतो. तो गेला की लाटेचे गणित बिघडते. काडेनने ज्या नळीसाठी आयुष्य वेचले, तीच फोडून तिच्या नावाचा जयजयकार करायचा, यापरते अज्ञान नाही. पोलिसांच्या रोडरोलरखाली चिरडल्या जाणाऱ्या सायलेन्सरांवर अश्रू ढाळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

१८/ पण दुसऱ्या टोकाचेही खंडन हवे. 'सगळ्या भंगारात घाला' असे म्हणणाऱ्यांनाही इतिहास कळलेला नाही. बंद ट्रॅकवर, वर्षातून काही दिवस, जाणत्या हातांनी चालवलेल्या मोजक्या जुन्या रेसिंग मोटरसायकली शहराची हवा बिघडवत नाहीत. शिवाय हे यंत्र दिवाणखान्यात उभे करून जपता येत नाही. त्याचा अर्थच त्या अरुंद आरपीएमच्या पट्ट्यात आहे. काचेआडची मुकी टू-स्ट्रोक म्हणजे तारा काढलेली सतार. तिची जागा ट्रॅकवर आहे आणि तिथे ती फिरली पाहिजे.

१९/ जपायचे ते केवळ लोखंडही नव्हे. कानस हाती घेऊन पोर्ट किती घासायचा, स्पार्क प्लगच्या रंगावरून जेट कोणता घालायचा, पिस्टन जाम होण्याआधी आवाज कसा बदलतो, ही विद्या कारागिरांच्या हातांत आणि कानांत आहे. पुस्तकात ती फार थोडी आली. वाळूजच्या असेंब्ली लाइनवर पहिली पाळी करणारे, शेती सोडून कारखान्यात आलेले तरुण आता निवृत्तीला आले किंवा निवृत्त झाले. ब्रँडचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. यंत्र जुळवणाऱ्यांची नावे कोणत्याही रीलमध्ये नाहीत.

२०/ बावन्न पुरे आणि बावन्न दरवाजे मिरवणाऱ्या या शहराला वारसा म्हटला की मकबरा, पाणचक्की, वेरूळ आणि अजिंठा आठवतात. ते योग्यच आहे. पण १९८५ नंतर या शहराची लोकसंख्या, भाषा, घरे आणि मजुरी ज्या कारखान्यांनी बदलली, तेही इतिहासाचेच साधन आहे. उस्मानपुऱ्यात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय तंत्रनिकेतन जवळजवळ आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रक घेऊन जुन्या फिटरांकडे जायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

२१/ स्मरणरंजन आणि इतिहास यांतला फरक एवढाच की स्मरणरंजन निवड करते आणि इतिहास हिशेब मागतो. टू-स्ट्रोकच्या हिशेबात काडेनची बुद्धी आहे, डेग्नरची फितुरी आहे, शोलावरमची गर्दी आहे, लूनावरची शिक्षिका आहे, चौकातला धूर आहे आणि वाळूजची पाळी आहे. यातले एकच पान फाडून घेऊन जो 'ते दिवस' म्हणतो, त्याला ते दिवस ठाऊक नाहीत. ज्यांना खरोखर ठाऊक आहेत, ते अजून हयात आहेत. त्यांच्या हातांतली विद्या लिहून घ्यायला फार वेळ उरलेला नाही.