खंडाळ्यातलं झुंबर आणि मळवलीची लक्ष्मी

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. खंडाळ्यात एका जुन्या बंगल्याच्या फाटकापाशी टेम्पो लागला होता. बंगला विकला गेलाय, आता पाडणार. माणसं एकेक वस्तू बाहेर आणत होती. बर्मा सागवानाचा पलंग, गोधडीत गुंडाळलेलं झुंबर, निळ्या नक्षीच्या चिनी फुलदाण्या, पुरुषभर उंचीचं घड्याळ. मुंबईहून आलेला डीलर प्रत्येक नगाचा फोटो काढत होता. तिथे आयुष्यभर माळीकाम केलेले काका माझ्या ओळखीचे. म्हणाले, "ह्यातलं काय कुठनं आलं, ते जुन्या शेटनी मला सांगितलं होतं. आता विचारतंय कोण?"

फाटकाच्या दुसऱ्या बाजूला भंगाराचा ढीग होता. त्यात फुटक्या काचेच्या चार-पाच तसबिरी. नोकरांच्या खोल्यांतल्या असाव्यात. एक लक्ष्मीची, कमळावर उभी. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेलं होतं, रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा.

झुंबर टेम्पोत चढलं, लक्ष्मी भंगारात राहिली. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

आधी एक स्पष्ट करतो. जगभरातून जुन्या वस्तू, चित्रं, मूर्ती जमवणाऱ्या श्रीमंतांवर मला राग काढायचा नाही. "पैसा जास्त झालाय, दुसरं काय" असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण संग्राहक नसते तर कितीतरी गोष्टी चुलीत किंवा भट्टीत गेल्या असत्या. पुण्याचं केळकर संग्रहालय बघा. डॉ. दिनकर केळकर काही राजे-महाराजे नव्हते. गावोगाव हिंडून त्यांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या, वाद्यं, वाड्यांचे दरवाजे जमवले. ज्या वस्तूंना घरातली माणसं अडगळ म्हणत होती, त्याच. सुमारे वीस हजार वस्तू झाल्या. लहानपणीच गेलेल्या राजा नावाच्या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि सगळं सरकारच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या हवाली केलं.

दुसरं उदाहरण औंधचं. संस्थान छोटं, पण भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली यमाईच्या डोंगरवाटेवर संग्रहालय उभारलं. तिथे रविवर्म्याची अस्सल चित्रं आहेत, युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकला आहेत, हेन्री मूरचं शिल्पही आहे. देवीला निघालेला सातारकडचा शेतकरी वाटेत जगातली कला बघू शकतो. मुंबईच्या म्युझियममधली युरोपियन चित्रं, चिनी-जपानी वस्तू यांतला मोठा भाग सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या भावांच्या संग्रहातून आलाय. आज तिकीट काढून कुणीही ते बघतं.

टाटांचं नाव निघालं की मावळातल्या माणसाला आणखी काहीतरी आठवतं. आपल्या डोंगरातलं पाणी वळवणला, शिरवत्याला अडवलं गेलं आणि १९१५ पासून त्याची वीज मुंबईला गेली. पुढे शेजारच्या मुळशीत धरणासाठी जमिनी गेल्या, १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापटांनी तुरुंग भोगला. संग्रहालयाला दिलेलं दान खरं आहे आणि मुळशीही खरी आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही. माझं म्हणणं इतकंच, की ज्या पैशातून संग्रह होतो तो कुठल्यातरी मातीतून, कुठल्यातरी माणसांच्या कष्टातून आलेला असतो. म्हणून संग्रह कधीतरी लोकांसमोर यावा, ही अपेक्षा म्हणजे भीक मागणं नव्हे.

आता आपल्याकडे वळू. खंडाळ्यात आणि तुंगार्लीत आज जे व्हिला उठतायत, त्यांतल्या काहींत परदेशातून आणलेली चित्रं आहेत, दूरदेशीच्या मूर्ती आहेत. फाटक बंद, भिंत दहा फूट, वर कॅमेरे. आत काय आहे ते फक्त पाहुण्यांना, सफाईवाल्या मावशींना आणि इन्शुरन्सवाल्याला ठाऊक. मालक गेला की मुलं परदेशातून येतात, डीलरला बोलावतात, आणि टेम्पो लागतो. पन्नास वर्षांत जमलेलं दोन दिवसांत फुटतं. वस्तू कुठेतरी जगते, पण तिची गोष्ट मरते. कुणी, कधी, कुठून, कशासाठी आणली, हे त्या माळीकाकांच्या डोक्यात होतं. ते कुणी लिहून घेतलं नाही.

आणि ज्या तालुक्यात आपण लंडन-पॅरिसच्या वस्तूंचं कौतुक करतो, त्याच तालुक्यात काय होतं ते बघा. लोणावळ्याहून पुण्याची लोकल धरली की पहिलं स्टेशन मळवली. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत चित्रांचा छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, कारागीरही जर्मनीचे. १८९६ पासून मुंबईत प्लेगने कहर मांडला, आणि १८९९ साली हा छापखाना मळवलीला आला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. दगडावर चित्र उतरवायचं, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक छापत जायचं. अशा लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती मळवलीहून निघाल्या आणि देशभर घराघरांत टांगल्या गेल्या. ज्याला देवळात पाऊल ठेवायची बंदी होती, त्याच्याही भिंतीवर देव आला. केरळचा चित्रकार, जर्मन यंत्र, मावळची जागा. जगभरची कला म्हणजे आणखी काय असतं?

१९७२ साली त्या छापखान्याला आग लागली आणि बरंच काही जळून गेलं. आज मळवलीला उतरणारे भाजे, लोहगड, विसापूर करतात, भजी खातात, परत जातात. इथे देशाच्या देवांचे चेहरे छापले जायचे, हे त्यांतल्या कितीजणांना माहीत असतं? आपल्यातल्या कितीजणांना आहे? इकडे त्याच जुन्या छापील चित्रांसाठी, विशेषतः देवीच्या साडीवर खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या प्रतींसाठी, संग्राहक चांगली किंमत मोजतात. रविवर्म्याची कामं १९७९ सालीच राष्ट्रीय कलानिधी ठरलीत, त्याची अस्सल चित्रं देशाबाहेर नेता येत नाहीत. शंभर वर्षांवरच्या पुरावस्तूही १९७२च्या कायद्याने बाहेर पाठवता येत नाहीत, त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. कायदा आहे. पण भंगाराच्या ढिगाला कुठला कायदा वाचवणार?

उगाच दुसऱ्यांना बोल लावत नाही. आमच्याही घरी आजीच्या देव्हाऱ्यावर अशीच सरस्वती होती. घराला रंग काढला तेव्हा "जुनाट दिसतं" म्हणून आम्हीच ती भंगारवाल्याला दिली. काचेचे आणि लाकडाचे मिळून काही रुपये आले. खाली काय छापलंय ते कुणी वाचलंही नाही. आजी दोन दिवस काही बोलली नव्हती. तिचा चेहरा आत्ता हे लिहिताना आठवतोय.

सरकारचंही तसंच. २०२४ साली लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली, तीही तीन वर्षांसाठी उसनी. २०२५ साली रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून राज्याने सुमारे ४७ लाखांना विकत घेतली. आनंद आपल्या सगळ्यांनाच झाला, व्हायलाच हवा. पण वस्तू लंडनला पोचली की आपल्याला जाग येते, आणि इथे दाराबाहेर पडलेली असते तेव्हा आपण टेम्पोला वाट करून देतो. उद्या हेच लिलावात दिसलं की पुन्हा अस्मिता जागी होणार.

कुणी म्हणेल, खाजगी मालमत्ता आहे, तुम्हाला काय करायचंय? बरोबर आहे, मालकी त्यांचीच. मी जप्ती मागत नाही. कुणी म्हणेल, सरकारी संग्रहालयात वस्तू धूळ खातात. तेही काही ठिकाणी खरंय. पण धूळ पुसता येते, भट्टीत गेलेलं परत आणता येत नाही.

मागणं साधं आहे. एक, खंडाळा-लोणावळ्याची नगरपरिषद एकच आहे. जुना बंगला पाडायची परवानगी देताना आतल्या वस्तूंची फोटोसहित यादी करून घ्या. वस्तू मालकाकडेच राहू द्या, यादी तेवढी लोकांकडे राहू दे. दोन, मळवलीत छापखान्याचं छोटं का होईना संग्रहालय हवं. दोन खोल्या पुरतील. छापील चित्रं द्यायला शंभर घरं पुढे येतील. तीन, ज्यांच्या व्हिलात खरोखर मोलाचा संग्रह आहे त्यांनी वर्षातून एक दिवस आपल्या शाळांतल्या पोरांना आत घ्यावं. आमची पोरं मूर्ती फोडत नाहीत, घाबरू नका.

आणि यांतलं काहीच झालं नाही तरी आपल्या हातातलं एक काम आहे. घरातल्या जुन्या तसबिरी आज खाली उतरवा, खालची ओळ वाचा. कार्ला, लोणावळा, मळवली यांपैकी काही दिसलं तर पुसू नका, विकू नका. मागे पेन्सिलीने लिहून ठेवा, कुणी आणली, कुठल्या घरात होती. शंभर वर्षांनी तेवढ्या दोन ओळींची किंमत चित्राइतकीच असेल.

शेवटी एक आठवण करून देतो. कार्ल्याचं लेणं दोन हजार वर्षांपूर्वीचं. तिथे दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकटाचे यवन आहेत, दूर वैजयंतीचा शेठ भूतपाल आहे. तेही पैसेवालेच, तेही बाहेरचेच, कलेवरच खर्च करणारे. पण त्यांनी खांब उभे केले ते सगळ्यांना चढून येता येईल अशा डोंगरावर. भिंत बांधून, फाटक लावून ते आत बसले असते तर आज आपल्याला त्यांची नावं माहीत असती का?

ता.क. ढिगातली ती लक्ष्मी काकांनी मला दिली. काच बदलून घेतलीय. मळवलीचं संग्रहालय होईल त्या दिवशी पहिली तीच नेऊन देणार. तोवर आजीच्या देव्हाऱ्याच्या जागी आहे.