कागदावरचा चौकोन आणि शेतकऱ्याचा खिसा

पेरणीचे दिवस जवळ आले की गावागावांत कागदांचा पाऊस सुरू होतो. वर्तमानपत्राच्या घडीतून हँडबिल पडते, कृषी केंद्राच्या काउंटरवर रंगीत पत्रकांचा गठ्ठा असतो, आठवडी बाजारात कुणीतरी हातात कागद कोंबून पुढे जातो. यात नवे काही नाही. नवे आहे ते कागदाच्या कोपऱ्यात. तिथे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला असतो आणि खाली दोन शब्द असतात, 'स्कॅन करा'.

शेतकरी बंधूंनो, या एवढ्याशा चौकोनाने छापील जाहिरात, टपाल आणि मोबाईल या तिघांची मोट बांधली आहे. सोय झाली यात शंका नाही. पण या सोयीचा फायदा कोणाला किती आणि धोका कोणाच्या वाट्याला, हे वेळीच समजून घेतले पाहिजे. कारण हंगामाला चुकलेला व्यवहार वर्षभर भोवतो.

जाहिरातदाराला काय मिळते?

ज्याला क्यूआर कोड म्हणतात तो हा चौकोन १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी काढला. आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आले आणि पुढे चहाच्या टपरीपासून खताच्या दुकानापर्यंत हा चौकोन जाऊन बसला. त्यामुळे चौकोन दिसला की फोन पुढे करायचा, ही सवयच हाताला लागली आहे. जाहिरातदार नेमका या सवयीवर विसंबून आहे.

पूर्वी कंपनी हजारो हँडबिले छापायची, पण ती कोणी वाचली, कोणी वाचली नाहीत, हे तिला कळत नसे. भिंतीवर रंगवलेल्या जाहिरातीचेही तेच. आता प्रत्येक तालुक्याच्या पत्रकावर वेगळा कोड छापता येतो. कोणत्या भागातून, किती वाजता, किती जणांनी तो उघडला, हे कंपनीला कचेरीत बसून दिसते. पुढे 'मोफत सल्ल्यासाठी नंबर टाका' असे येते. तुम्ही नंबर टाकला, गाव आणि पीक सांगितले, की दोन दिवसांत फोन सुरू. म्हणजे पूर्वी आपण जाहिरात वाचत होतो, आता जाहिरात आपल्याला वाचते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कागदावर छापलेले बदलत नाही, पण कोडच्या मागचे पान केव्हाही बदलता येते. जूनमध्ये स्कॅन केल्यावर 'एकरी इतके उत्पादन' असे दिसले, ते सप्टेंबरमध्ये दिसेलच असे नाही. तेव्हा आश्वासन जर फक्त फोनच्या पडद्यावर असेल आणि कागदावर नसेल, तर ते पाण्यावरच्या रेघेसारखे समजा.

टपालाचेही रूप बदलले

जाहिरात आणि टपाल यांचे नाते जुने आहे. व्हीपीपीने पुस्तके आणि घड्याळे मागवणारी पिढी अजून आपल्यात आहे. पोस्टमन पुडके आणायचा, पैसे मोजून घ्यायचा, आत काय निघेल ते नशीब. २००२ मध्ये टपाल खात्याने 'मेघदूत' पोस्टकार्ड काढले. पत्त्याच्या बाजूला जाहिरात छापलेली, म्हणून पन्नास पैशांचे कार्ड पंचवीस पैशांत. 'डायरेक्ट पोस्ट' या सेवेत तर नाव-पत्ता नसलेली पत्रकेही टपालातून घरोघर वाटता येतात.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पोस्टमनने पत्रक आणून दिले म्हणजे टपाल खात्याने त्या मालाची हमी दिली असे होत नाही. वर्तमानपत्राच्या घडीतून पडलेल्या हँडबिलाचेही तसेच. त्यातल्या मजकुराला संपादक जामीन नसतो. आणणारा ओळखीचा असला की आपण कागदावर विश्वास टाकतो आणि कागदावर विश्वास टाकला की कोडवरही टाकतो. फसवणूक करणारा याच पायऱ्यांनी वर चढतो.

टपालाच्या नव्या सोयी मात्र खरोखर उपयोगी आहेत. देशात दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालये आहेत आणि त्यांतली बहुसंख्य खेड्यांत आहेत. १ सप्टेंबर २०१८ रोजी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाली आणि पोस्टमनच्या हातातल्या यंत्रावर अंगठा ठेवून आधार-जोडलेल्या खात्यातले पैसे घरी मिळू लागले. २७ मे २०२५ रोजी 'डिजिपिन' आले. साधारण चार मीटर लांब-रुंद अशा प्रत्येक चौकोनी जागेला दहा अक्षर-अंकांचा स्वतःचा पत्ता. गावापासून दोन मैलांवर शेतवस्ती करून राहणाऱ्यांना याचा अर्थ लगेच कळेल.

२०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही; ती स्पीड पोस्टमध्ये मिळवली गेली. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या नियमांप्रमाणे स्पीड पोस्टवर पाच रुपये अधिक जीएसटी भरून 'नोंदणी' घेतली, तर पत्र फक्त पत्तेदाराला किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसालाच मिळते. तेवढेच जादा भरून ओटीपी सांगितल्यावरच पत्र देण्याचीही सोय आहे.

पण या ओटीपीवरून घोटाळा होऊ देऊ नका. टपालाचा ओटीपी विचारला जातो तो पोस्टमन दारात, टपाल हातात घेऊन उभा असताना. फोनवरून 'तुमचे पार्सल अडकले आहे, ओटीपी सांगा' म्हणणारा पोस्टमन नव्हे. 'पत्ता अपुरा आहे, अमुक तासांत दुरुस्त करा' असे टपाल खात्याच्या नावाचे संदेशही मध्यंतरी बरेच फिरले. असे संदेश खाते पाठवत नाही, हे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

पिशवीवरचा कोड वेगळा, हँडबिलावरचा वेगळा

आता मुख्य मुद्दा, बियाण्याचा. १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारने 'साथी' ही बियाण्याच्या नोंदीची व्यवस्था सुरू केली. तिच्यातला पिशवीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की ते बियाणे कोणी तयार केले, कोणत्या लॉटचे, कोणत्या मार्गाने आले, हे पाहता येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या बियाणे विधेयकाच्या मसुद्यातही अशा कोडवर भर होता. ही चांगली गोष्ट आहे. पण हा कोड माल कुठून आला ते सांगतो, तुमच्या रानात उगवेल याची हमी देत नाही. त्यासाठी ओल्या पोत्यात शंभर दाणे ठेवण्याची जुनी रीतच खरी. सोयाबीनचे सत्तरपेक्षा कमी उगवले तर ते बियाणे प्रमाणात बसत नाही.

हँडबिलावरचा कोड मात्र जाहिरातदाराचा असतो. तो कुणीही घरबसल्या बनवू शकतो. 'आगाऊ बुकिंग, थेट कंपनीकडून, निम्म्या दरात' असे लिहून कोड छापायला परवाना लागत नाही. बियाणे विकायला लागतो. म्हणून पैसे भरण्याआधी विक्रेत्याचा परवाना विचारा. पडद्यावर पैसे घेणाऱ्याचे नाव येते, ते दुकानाच्या नावाशी जुळवून पाहा. आणि पैसे घ्यायचे असतील तर पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

उद्या बियाणे उगवले नाही तर दाद कशावर मागणार? स्कॅन केल्याच्या आठवणीवर नाही. पक्के बिल, पिशवी, तिच्यावरचे लेबल आणि थोडे शिल्लक बियाणे, यांवरच सगळी भिस्त. प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी निळी, सत्यदर्शक बियाण्याची हिरवी. तक्रार पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात निकाल दिला की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे. सगळे बियाणे पेरून टाकले आणि तपासणीला नमुना उरला नाही, एवढ्यावरून त्याची तक्रार फेटाळता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मात्र बिल हवेच. 'बिल फोनवर पाठवतो' म्हणणाऱ्याला सांगा, 'फोनवर पाठवा, पण कागदावरही द्या.'

ग्रामपंचायतींनी काय करावे?

ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, आणि सरपंच यांनाही हे लागू आहे. घरपट्टीच्या बिलावर कोड छापला की वसुली सोपी होते, हे खरे. पण तो कोड ग्रामपंचायतीच्याच खात्याचा आहे हे अधूनमधून स्वतः स्कॅन करून तपासावे. चांगल्या कोडवर दुसरा कागद चिकटवायला एक मिनिट पुरते. ग्रामसभेची सूचना नुसत्या कोडमागे ठेवू नये. फलकावर पूर्ण मजकूर हवा, कारण साधा फोन वापरणारी म्हातारी माणसे आणि फोनच नसलेल्या बाया हे गावचेच नागरिक आहेत. टपालाने नोटीस पाठवताना 'नोंदणी'चे पाच रुपये वाचवू नयेत आणि ओटीपीची सोय घेतली तर मोबाईल नंबर खात्री करून लिहावा. दप्तरात पुण्याला असलेल्या मुलाचा नंबर असेल, तर ओटीपी पुण्याला जाईल आणि नोटीस परत येईल.

फसवणूक झालीच तर वेळ दवडू नका. पैसे गेल्यास लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण. मालाबाबत तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. पत्रक फाडून टाकू नका, तोच पुरावा आहे.

नवे तंत्र नाकारून चालणार नाही आणि नाकारण्याचे कारणही नाही. पिशवीचा माग काढणारा कोड आणि वस्तीवर पैसे आणून देणारा पोस्टमन, दोन्ही आपल्या कामाचे आहेत. पण व्यवहाराचा जुना नियम मोडू नका: आधी माणूस ओळखा, मग माल बघा, मग पैसे द्या आणि पावती जपून ठेवा. कोडने हा क्रम उलटा करून आधी पैसे मागितले, तर फोन खिशात ठेवा आणि पुढच्या दुकानाकडे वळा.