वीस किलोमीटरचा संसार

बदली झाली की माणूस हलतो, असं कचेरीला वाटतं. अहो, हलतो तो संसार! 1782 साली करवीरकरांची राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापुरी आली. अंतर वीसएक किलोमीटर. केंद्र सरकारचे 2017 चे दर लावून मी हिशेब केला. त्या वाटेवर सामान नेण्यासाठी शिपायाला किलोमीटरमागं फार तर पंधरा, म्हणजे तीनशे रुपये. साहेबाला पन्नासचा दर! का हो, शिपायाचं कपाट आपल्या पायांनी घाट उतरतं? हमाल किलोमीटर मोजत नाही, जिने मोजतो. लोणच्याची बरणी पायथ्याशी फुटली काय नि पुण्यात फुटली काय, खार तेवढाच सांडतो. म्हणून म्हणतो, आधी भरणी-उतरणीचे पैसे द्या. किलोमीटर काय, रस्त्यावरचे दगड मोजतीलच!